गाळाचा उन्हाळा

भिगवणच्या अलीकडे गाडीच्या काचा खाली असल्या की उजनीचं पाणी दिसायच्या आधी त्याचा वास येतो. पावसाळ्यात येतो तो वास वेगळा. हा उतरत्या पाण्याचा वास: शिंपल्यांचा, वाळत्या शेवाळाचा, उन्हानं तडकलेल्या चिखलाचा. यंदा तो चैत्र संपायच्या आतच आला. मागच्या रविवारी मी रस्त्याच्या कडेला गाडी घेतली आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. मागच्या सीटवर ड्रोनची पेटी होती. ती उघडायचा धीर होईना.

लोकांचा भिगवणचा मोसम थंडीत असतो. रोहित पक्षी येतात, त्यांच्या मागे पुण्याच्या गाड्या येतात, लांबलांब लेन्सा येतात, मासे तळायच्या कढया दिवसभर उतरत नाहीत. होळी उलटली की पक्षी जातात आणि गाड्याही जातात. मग पाणी रोज थोडं थोडं मागे सरकतं आणि खालची जमीन वर यायला लागते. माझा मोसम तिथून सुरू होतो. निदान मागच्या उन्हाळ्यापर्यंत तरी मी असं मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

मी दातांची डॉक्टर. दवाखाना बारामतीत, घर जळोचीत. दिवसभर लोकांच्या टीचभर तोंडात दिवा लावून बघायचं, आणि तेही लोक आ वासून निपचित पडलेले असताना. पन्नाशी जवळ आल्यावर मला एकाएकी लांबचं बघायची हाव सुटली. कुणी योगासनं करतं, कुणी भिशी लावतं. मी ड्रोन घेतला. नवरा म्हणाला, "या वयात पतंग?" मी म्हणाले, "हो, आणि मांजा नको."

पहिला धक्का सरकारी नकाशानं दिला. कुठं उडवायचं आणि कुठं नाही, हे त्यात रंगांनी दाखवलेलं असतं. आमची गच्ची मी शोधली, तर ती नको त्या रंगात! बारामतीचं विमानतळ जवळ, तिथं विमान चालवायला शिकवतात. शिकाऊ विमानं आमच्या टाकीवरून घरघरत जातात, त्यांची इतकी सवय झालेली की ती आभाळात असतात हेच मी विसरले होते. "कोण बघायला येतंय? उडव की," असं नवऱ्यासकट चार जणांनी सांगितलं. पण त्या विमानात कुणाचं तरी पोर पहिल्यांदा एकटं बसलेलं असतं. त्याच्या वाटेत माझा पतंग? मी स्वतःच्या गच्चीवर आजवर एकदाही ड्रोन उडवलेला नाही, आणि यावरून माझी जी काही टिंगल झाली असेल ती मी ऐकून घेतलेली आहे.

मग उडवण्यासाठी हिंडणं आलं. नोंदणीचा नंबर ड्रोनच्या पोटाला चिकटवलेला, नकाशा आदल्या दिवशी बघितलेला, सकाळी परत बघितलेला. ड्रोन नजरेच्या टप्प्यातच ठेवायचा, फार उंच न्यायचा नाही, अंधारात उडवायचा नाही, पक्ष्यांच्या थव्यात घालायचा नाही आणि माणसांच्या डोक्यावर आणायचा नाही. हे नियम मी दात घासायच्या नियमांइतक्याच कडकपणे पाळते. दोन्ही बाबतीत लोक मला कंटाळतात.

नियम पाळले म्हणजे झालं, अशीही माझी एक समजूत होती. ती सुप्याच्या माळावर गळाली. तिथल्या अभयारण्यात वनखात्याला विचारल्याशिवाय उडवता येत नाही, म्हणून मी बरीच अलीकडे थांबले होते. भर सकाळ, मोकळा माळ, नकाशावर परवानगीचा हिरवा रंग. ड्रोन वर गेला आणि पाहता पाहता मला पंधरा-वीस माणसांनी घेरलं. बायकांच्या हातात खुरपी, पुरुषांच्या हातात काठ्या. त्या दिवसांत गावोगाव आवई उठली होती की चोर ड्रोननं घरं हेरतात. रात्र रात्र लोक गस्त घालत होते. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

"कुणाचं घर हेरताय, बाई?" पटकेवाल्या एका तात्यांनी विचारलं.

"अहो, मी दातांची डॉक्टर आहे!"

"मग आभाळात कुणाचं दात हायत?"

आज हसू येतं, तेव्हा आलं नाही. आपल्याकडे बघून कुणी चोर म्हणेल हे मला कधी स्वप्नातही आलं नव्हतं. शेवटी पडदा त्यांच्यापुढे धरला, त्यांचीच घरं त्यांना दाखवली, तेव्हा काठ्या खाली आल्या आणि चहा वर आला. पण मी चांगलीच हादरले होते. तेव्हापासून सरकारी नियमांत मी आपला एक घरगुती नियम जोडला: जिथं जाईन तिथं आधी कुणाला तरी सांगायचं की बाबांनो, हे मी आहे, हे यंत्र माझं आहे, मी इथं इथं उडवणार आहे.

भिगवणला मी हे दस्तगीरचाचांना सांगत असे.

दस्तगीर मुलाणी. हायवेच्या कडेला त्यांचं मासळीचं छोटं हॉटेल आणि मागं थोड्या अंतरावर शेत. साठीच्या आसपासचा गडी, बारीक, ताठ. त्यांची कवळी मी केलेली. मी एवढ्या मेहनतीनं केलेली ती कवळी चाचा जेवताना काढून खिशात ठेवत. मी रागावले तर म्हणत, "त्या दातांना काटा कळत न्हाय, डॉक्टरीनबाई. हिरडीला कळतो." मासे खाणाऱ्या माणसाशी यावर वाद घालता येत नाही.

मागच्या वैशाखात मी अशीच वर्दी द्यायला गेले. पाणी त्या वर्षी खूपच खाली गेलं होतं. एरवी कधी न उघडणारी जमीन उघडी पडली होती आणि तिच्यावर ट्रॅक्टरांची रांग उतरली होती. आमच्याकडे उन्हाळ्यात हे चालतंच. धरणाच्या पोटात साचलेला काळा गाळ काढायचा, ट्रॉल्या भरायच्या आणि हलक्या रानात पसरायचा. माळरानाचं सोनं होतं म्हणतात. वीटभट्टीवालेही नेतात.

चाचांनी चहा ठेवला, पण स्वतः पुढं बसून राहिले. मग म्हणाले, "तुमच्या त्या पाखराला वरनं जुनं गाव दिसंल का?"

त्यांचं जुनं गाव धरणात गेलं तेव्हा ते लहान होते. गाव उठलं, वर येऊन बसलं, नाव तेच राहिलं. आई मात्र त्याच्याही आधी गेलेली, धाकट्या बहिणीच्या बाळंतपणात. ती खालीच राहिली, ओढ्याच्या वळणावरच्या कबरस्तानात. बाप जिवंत होता तोवर शब-ए-बरातला, गेलेल्यांसाठी दुआ मागायच्या रात्री, पोराला घेऊन पाण्याच्या काठाशी यायचा आणि 'त्या अंगाला' असा हात करून फातिहा म्हणायचा. बाप गेला, तो वर नव्या गावाच्या कबरस्तानात आहे. त्याच्यावर फुलं घालता येतात. आईची फुलं चाचा पाण्यात सोडत.

"ज्या ज्या साली पाणी हटलं त्या त्या साली मी खाली हिंडलो," ते म्हणाले. "पण तितं उभं राह्यलं की समदा चिखूलच. हितं घर का तितं घर, काय कळत न्हाय. दगडं समदी गाळात बुजल्यात. आन् आता जेसीबी उतरल्यात. भट्टीवाल्याला काय ठावं खाली कोन झोपलंय? त्यानं आईला उचलून विटा पाडल्या तर मी काय करू?"

कवळी काढलेली असल्यामुळे त्यांचे शब्द मऊ येत होते. एवढीच त्यांची मागणी: वरून जागा ओळखायची, चार दगड मांडायचे, चुन्यानं रंगवायचे, भट्टीवाल्यांना सांगायचं की बाबा, एवढं सोडून खणा. मोठा जाबजबाब नको, अर्जविनंती नको.

वरून जुन्या गोष्टी दिसतात हे खरं आहे. खाली उभं राहिलं की नुसती माती असते. सकाळचं तिरकं ऊन पडलं आणि आपण उंच गेलो की तीच माती रेघा दाखवायला लागते. पायाच्या भिंती गाळाखाली असल्या तरी वरचा चिखल तिथं निराळा वाळतो. हे मी अनेकदा पाहिलं होतं आणि त्याचा मला मोठा आनंद वाटत असे. दिवसभर पोखरलेल्या दाढा बघणाऱ्या बाईला पोखरलेली जमीन बघून आनंद होतो यात काही नवल नाही.

पुढच्या रविवारी, वारा सुटायच्या आत आम्ही काठावर उभे होतो. नकाशा हिरवा होता. नदीसुरय पक्षी पलीकडच्या वाळूवर अंडी घालतात, त्या बाजूला जायचं नाही हे मी ठरवून ठेवलं होतं. चाचांनी धुतलेला सदरा घातला होता, अत्तर लावलं होतं आणि मोटरसायकलला चुन्याची पिशवी अडकवली होती. आईला भेटायला निघाल्यासारखेच आले होते.

ड्रोन वर गेला. मी पडदा त्यांच्यापुढे धरला आणि त्यावर माझ्या ओढणीची सावली केली.

आधी काही नाही. मग एकाएकी रेघा. एक आडवी, तिला चिकटून चार चौकोन, मग एक बोळ, मग पुन्हा चौकोन. गाव होतं! एवढी वर्षं पाण्याखाली राहून गाव आपल्या जागेवर होतं.

"ही गावाची येस," चाचा म्हणाले. "हा मारुतीचा पार. ही चावडी. हे आमचं घर... न्हाय न्हाय, हे आबा काळ्याचं, आमचं पल्याडचं. बगा, बगा, ही आमची पडवी! हितं माझी आई बसायची." ते हसत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "आता ओढा घ्या. डाव्या अंगाला. ओढ्याच्या कडंकडंनं चला."

ओढा काठावरून दिसत नव्हता, तो खोलगटात होता. वरून त्याचं वळण चांगलं ठसठशीत दिसलं. चाचांचा श्वास मला ऐकू येत होता. "हेच वळण," ते म्हणाले. "हेच. ह्याच्या आतल्या अंगाला..."

आतल्या अंगाला खड्डा होता.

चांगला मोठा, चौकोनी, ताजा खड्डा. भोवती चाकांच्या खुणा. एक जेसीबी खणत होता आणि त्याच्यापुढे एक ट्रॅक्टर ट्रॉली लावून उभा होता. सकाळपासून दुरून ऐकू येत होती ती घरघर इथलीच होती तर. मी मान वळवून चाचांकडे बघितलं. वाटलं, आता ते भट्टीवाल्याला शिव्या घालतील. मीही शिव्या घालायच्या तयारीत होते.

ते पडद्याकडेच बघत होते. वरून ट्रॅक्टरचं फक्त छत दिसत होतं. उन्हासाठी बांधलेला एक फ्लेक्स, आणि त्यावर छापलेला भला मोठा निळा मासा. हॉटेलची पाटी बदलली तेव्हा जुना फ्लेक्स त्यांच्या इक्बालनं, थोरल्या मुलानं, ट्रॅक्टरच्या छताला ताणून बांधला होता. माशाच्या पोटाखाली अर्धं नाव अजून वाचता येत होतं. 'दस्तगीर'.

"ह्यो आपला हाय," चाचा म्हणाले.

मला वाटलं आपण चुकीचं बघतोय. मी यंत्राला दोष दिला, उन्हाला दिला. तेवढ्यात जेसीबीची बकेट ट्रॉलीत उलटली आणि काळी माती घसरत खाली बसली. छताखालून इक्बाल बाहेर आला. डोळ्यांवर हात धरून त्यानं वर बघितलं आणि ड्रोन दिसल्यावर खुशीत हात हलवला. डॉक्टरीनबाई उडवतायत हे त्याला माहीत होतं. अब्बा काय शोधतायत हे माहीत नव्हतं, कारण ज्याला स्वतःलाच जागा ठाऊक नव्हती तो पोरांना काय दाखवणार? आणि त्याला गाळ आणायला कुणी सांगितलं होतं? चाचांनीच. "औंदा पाणी लई खाली गेलंय, डाळिंब लावायच्या रानात गाळ टाकून घ्या," असं त्यांनी पोरांना ताटावर बसून सांगितलं होतं. परवापासून ट्रॉल्या शेतात पडत होत्या.

"खाली घ्या," चाचा म्हणाले. "आजून खाली."

"चाचा, खाली माणसं आहेत. माणसांवर आणता येत नाही."

"माणसं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत राग नव्हता, काहीच नव्हतं. "तितं समदी माझीच माणसं हायत, डॉक्टरीनबाई."

मी ड्रोन खाली नेला नाही. बाजूला घेतला आणि परत आणला. उतरवताना तो दोनदा आपटता आपटता वाचला. एवढी वर्षं मी लोकांना 'दुखणार नाही' असं सांगत आले, त्या दिवशी कुणीतरी मलाच ते सांगायला हवं होतं.

आम्ही खड्ड्याशी गेलो तेव्हा इक्बाल ट्रॉलीला टेकून पाणी पीत होता. "अब्बा, लई भारी गाळ हाय हितला," तो म्हणाला. "काळा कुळकुळीत. दुसरीकडं असला न्हाय."

चाचा खड्ड्याच्या काठावर उभे राहिले. अगदी हळू म्हणाले, "हितं तुझी आजी हाय."

इक्बाल आधी हसला. चेष्टा वाटली त्याला. मग त्यानं बापाच्या सदऱ्याकडे, चुन्याच्या पिशवीकडे, माझ्याकडे पाहिलं आणि हातातली बाटली तशीच ठेवून तो ट्रॉलीवर चढला. जेसीबीवाल्यानं मशीन बंद केलं. पलीकडच्या वाळूवरचे पक्षी ऐकू आले. इक्बाल, चांगला बाप्या माणूस, दोन लेकरांचा बाप, दोन्ही हातांनी ट्रॉलीतली माती चाचपडायला लागला. "ह्यात हाय का अब्बा? का कालच्यात? कुठल्या ट्रॉलीत हाय?"

मी एवढी नकाशे बघणारी, पण तिथं माझ्याजवळही नकाशा नव्हता. मातीत काही सापडलं का, असं मी विचारलं नाही, आजही विचारलेलं नाही. त्या सकाळची चित्रफीत मी पुसलेली नाही आणि बघितलेलीही नाही.

उरलेल्या जागेवर दगड मांडले गेले. दुपारपर्यंत नव्या गावातली माणसं खाली उतरली, कारण तिथं पुरलेली एकट्या मुलाण्यांचीच माणसं नव्हती. आबा काळ्यांच्या घरच्यांनीही दगड वाहिले. जेसीबीवाल्यानं त्या दिवसाचं काम सोडलं आणि चुना कालवून दिला. मौलानांना विचारलं, ते म्हणाले, नकळत झालं, गुन्हा नाही, दुआ करा. पण शेतातल्या ढिगांना हात कोण लावणार? ना ते पसरवता येत, ना परत नेता येत. आख्खा पावसाळा ते ढीग तसेच पडून राहिले. त्यांच्यावर गवत उगवलं. इक्बाल त्या बांधावरून जातसुद्धा नव्हता, असं मला त्याच्या बायकोनं दाढ दाखवायला आली तेव्हा सांगितलं. पाणी चढलं, चुन्याचे दगड बुडाले, थंडीत पक्षी आले. मी मात्र भिगवणला गेले नाही. कुणाला काही दाखवायला निघावं आणि ते असं दिसावं, या धक्क्यातून मी बाहेरच येत नव्हते. दवाखान्यात दिवा लावून कुणाच्या तोंडात वाकले तरी मला खड्डा दिसायचा.

मागच्या रविवारी चाचांचाच निरोप आला म्हणून गेले. गाडीत बराच वेळ बसले, मग पेटी तशीच ठेवून चालत शेतावर आले.

ढीग नव्हते. फावडं शेवटी चाचांनीच हातात घेतलं होतं. यंदाच्या शब-ए-बरातला घरातली सगळी माणसं पाण्याकडं न जाता शेतात आली, अगरबत्त्या लावल्या, फातिहा झाला, आणि दुसऱ्या दिवशी चाचांनी एकट्यानं पसरायला सुरुवात केली. तासाभरानं इक्बाल मागून आला. आता त्या काळ्या रानात डाळिंबाची रोपं गुडघाभर होती. इक्बालची दोन्ही लेकरं सऱ्यांमधून पळत होती, ढेकळं फोडत होती, एकमेकांच्या अंगावर माती उडवत होती. मला ते बघवेना. कुणी त्यांना हटकत कसं नाही, असं वाटून मी इक्बालकडं पाहिलं. तो ठिबकची नळी सरळ करत होता.

मी बांधावर थांबले. पाय पुढं टाकवत नव्हता. एवढ्या रानातली कुठली माती कुठली, हे कुणाला ठाऊक?

चाचांनी ते ओळखलं. रानाच्या मधोमध उभे राहून, कवळी खिशात असलेल्या तोंडानं ते हसले.

"या की आत, डॉक्टरीनबाई. भिताय कशापाई? आईच्या अंगावर लेकरं खेळत न्हाईत व्हय?"

मी बांधावर चपला काढल्या आणि आत गेले. माती पायाला कोमट लागली.